घास तोंडापर्यंत

ताटात वरणभात कालवलेला आहे. चार वर्षांचं एक मूल समोर मांडी घालून बसलं आहे. ते हात पुढे करतं, पाच बोटांनी भात गोळा करतं, उचलतं आणि तोंडात घालतं. सगळं मिळून तीन-चार सेकंद. घरातल्या कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. गेलंच तर सांडलेल्या शितांकडे जातं.

थेरपिस्ट याच तीन-चार सेकंदांकडे पाहतो तेव्हा त्याला कामांची एक लांब साखळी दिसते. घास उचलण्याआधी धड स्थिर हवं. कंबर डगमगत असेल तर एक हात जमिनीवर टेकवून तोल सांभाळावा लागतो. मग ताट सरकलं तर ते धरायला हात उरत नाही. मान सरळ हवी, नाहीतर नजर ताटावर ठरत नाही. खांद्याला जोर हवा, म्हणजे कोपर मोकळेपणी वाकतं. भात गोळा करताना तळवा खाली असतो आणि तोंडाशी येईपर्यंत मनगट फिरून तो आपल्याकडे वळतो. बोटांना भाताचा ओलावा आणि ऊन कळायला हवं, शिवाय तो चिकट स्पर्श सहनही व्हायला हवा. पुढे ओठ मिटणं, चावणं, जिभेने घास या गालाकडून त्या गालाकडे नेणं आणि शेवटी श्वास क्षणभर रोखून गिळणं. यातली एक कडी निसटली की घास ताटात पडतो, अंगावर सांडतो किंवा ठसका लागतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत बहुधा ताठरपणा आड येतो. हात पुढे करायला जावं तर सगळं अंगच ताणलं जातं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचे स्नायू सैल असतात. त्याची पाठ लवकर वाकते आणि जीभ पुढे येते. स्वमग्न मुलाचे हात, पाठ, मान सगळं ठीक असू शकतं, पण ओल्या भाताचा नुसता स्पर्श त्याला नकोसा होतो आणि ते ताट ढकलून देतं. तिघांनाही आई भरवते. तिघांबद्दलही शेजारी म्हणतात, ‘लाडावलंय.’ कारणं मात्र तीन वेगवेगळी आहेत आणि उपायही तीन.

विकासात अडथळा असलेल्या मुलांसाठीच्या थेरपीबद्दल बोलताना यंत्रं, झोके, मोठाले चेंडू, रंगीत खोल्या डोळ्यांपुढे येतात. खरं तर या शास्त्राचा विषय हा घास आहे. मुलाला स्वतःच्या हाताने जेवता यावं, शर्ट घालता यावा, शी-शूला बसता यावं, पाणी हवं असेल तर ते मागता यावं, इतर मुलांत खेळता यावं. ही कामं ज्या खोलीत होतात ती खोली घरातली असते. दवाखान्यातला पाऊण तास त्या घरासाठी असतो.

एका ताटाशी तीन थेरपिस्ट बसू शकतात. फिजिओथेरपिस्ट मुलाची बैठक पाहतो: पाय कुठे टेकलेत, कंबर किती तिरकी आहे, पाठीला कोपऱ्याच्या आकाराच्या खुर्चीचा आधार लागेल की भिंत पुरेल. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ, हात आणि काम यांची सांगड घालतो. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, घास बाहेर ढकलला जाऊ नये म्हणून उंच काठाची थाळी, मूठ घट्ट वळत नसेल तर चमच्याच्या दांड्याला गुंडाळलेली चिंधी. वस्तू साध्या, पण कुठली वस्तू कुठल्या मुलाला द्यायची हे ठरवायला काही वर्षांचं शिक्षण लागतं. तिसरा स्पीच थेरपिस्ट. त्याचं ताटाशी काय काम, असं पालकांना वाटतं. पण बोलायला जे ओठ, जी जीभ, जो जबडा लागतो, तोच चावायला आणि गिळायलाही लागतो. म्हणून गिळण्याच्या अडचणी त्याच्याकडेच जातात.

इथे एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण ती घरोघरी चुकते. ताठ मुलाला भरवताना आई त्याला मांडीवर आडवं घेते, मान मागे टाकते आणि वरून पेज सोडते. घास लवकर आत जातो, म्हणून ही पद्धत सोयीची वाटते. पण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि पातळ अन्न फुप्फुसात उतरू शकतं. अशा मुलांना वारंवार न्यूमोनिया होण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. मूल जमेल तितकं उभट बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडे, भरवणाऱ्याने समोर आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, घास थोडा घट्ट ठेवायचा. एवढा बदल पहिल्याच सेशनमध्ये शिकवता येतो.

मुलांच्या पुनर्वसनाची वाट भारतात पोलिओने पाडली. मुंबईतल्या स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचार शोधता शोधता त्यांना कळलं की शस्त्रक्रिया आणि औषधं यांच्या पलीकडे रोजच्या व्यायामाचं एक मोठं काम आहे आणि ते करणारं माणूसच मिळत नाही. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे हाजी अलीजवळचं मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. समुद्राकाठच्या त्या रस्त्यावरून किती पिढ्यांच्या आया कडेवर मुलं घेऊन गेल्या असतील!

या वाटेवरची दुसरी बाई अमेरिकेत जन्मली. एलिझाबेथ लुंडी १९३० मध्ये भारतात आल्या, विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून कमला निंबकर झाल्या आणि कायमच्या इथल्याच झाल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे त्यांचं नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेलं असतं, पण त्यांचं मुख्य काम त्यामागे झाकलं जातं. अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. आशियातलं ते पहिलं. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना झाली; त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. १९५८ मध्ये नागपुरात दुसरं विद्यालय निघालं. रुग्णाला नुसतं निजवून बरं करायचं नसतं, त्याचे हात अर्थपूर्ण कामाला लावायचे असतात, हा त्या विद्येचा गाभा. मोठ्यांसाठी ते काम म्हणजे विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक. मुलासाठी खेळ हेच काम.

पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी यांत एक मूलभूत फरक आहे. पोलिओत विषाणू मज्जारज्जूतल्या पेशी मारतो. मेंदू शाबूत असतो आणि स्नायू लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीत स्नायू जन्मतः धड असतो, त्याला हुकूम देणाऱ्या मेंदूला गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. लुळ्या पायाला कॅलिपर चढवून उभं करता येतं. चुकीचे हुकूम मिळणाऱ्या पायाला नुसतं बांधून भागत नाही. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलाचा ताठरपणा यांचा संबंध मांडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉईड यांनी शंका काढली: अवघड बाळंतपण हे कारण नसून, गर्भातच आधी काही बिघडलं होतं त्याची ती खूण तर नसेल? मनोविश्लेषणासाठी ओळखला जाणारा हा माणूस त्या काळी मुलांच्या मेंदूविकारांचा जाणकार होता. काही मुलांच्या बाबतीत त्यांची शंका खरी निघाली.

भारतात या मुलांसाठी पहिलं ठोस पाऊल एका आईने टाकलं. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये जन्मली. तिला सेरेब्रल पाल्सी होती आणि बुद्धी तल्लख. तिला सामावून घेणारी शाळा देशात नव्हती. १९७२ मध्ये त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि पुढल्या वर्षी मुंबईत कुलाब्याला केंद्र उघडलं. तिथे शिक्षण आणि थेरपी एका छताखाली होती, ही त्यातली खरी नवी गोष्ट. तोवर मूल एक तर रुग्ण असे, नाहीतर विद्यार्थी. मालिनी चिब पुढे लंडनला शिकल्या, दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘वन लिटल फिंगर’, कारण संगणकावर त्यांनी ते एका बोटाने लिहिलं. दहा बोटं सरळ करण्यामागे वर्षं घालवायची की हुकमी चालणाऱ्या एका बोटाला कळफलक द्यायचा, हा प्रश्न थेरपीच्या पुढच्या सगळ्या वादांत फिरून फिरून येतो.

या वादांतलं एक नाव बर्टा बोबाथ यांचं; त्या बर्लिनच्या व्यायामशिक्षिका. नाझी जर्मनीतून त्या लंडनला आल्या. १९४० च्या दशकात त्यांनी पक्षाघात झालेल्या सायमन एल्वेस या चित्रकारावर उपचार केले, तेव्हा ताठर हात विशिष्ट रीतीने धरला, हलवला, की सैल पडतो असं त्यांच्या लक्षात आलं. पती डॉ. कारेल बोबाथ यांनी त्यामागचं मज्जाशास्त्र मांडलं आणि दोघांनी मिळून सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांची एक पद्धत घडवली. जगभरच्या फिजिओथेरपिस्टांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या, भारतातल्याही. मूल हा ताठ लाकडाचा ठोकळा नव्हे, त्याला हळुवार हाताळलं तर त्याची हालचाल बदलते, ही दृष्टी त्यांनी दिली. हे त्यांचं मोठंच देणं.

पण मूळ पद्धतीत काम करणारे हात थेरपिस्टचे होते. मूल गादीवर, थेरपिस्टचे हात त्याच्या कमरेवर. हालचाल छान व्हायची. घरी गेलं की मूल पुन्हा पहिल्यासारखं. ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवरच्या सगळ्या उपचारांचे पुरावे एकत्र तपासले आणि वाचणाऱ्याला चटकन कळावं म्हणून सिग्नलचे रंग वापरले. मूळ रूपातली बोबाथ पद्धत लाल रंगात गेली. नुसतं हाताने ताण देत राहण्याचाही फारसा टिकाऊ उपयोग दिसला नाही. हिरव्यात आलेल्या, हालचाल शिकवणाऱ्या उपचारांत मूल स्वतः काहीतरी करतं: ठरवलेलं काम, मुलाला हवंसं वाटणारं, पुन्हा पुन्हा, खऱ्या वस्तूंनी, खऱ्या जागी. जिना चढायला शिकायचं तर जिन्यावर. जेवायला शिकायचं तर जेवताना.

हिरव्या यादीतला एक उपचार तर माकडांच्या निरीक्षणातून आला. एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडाच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर त्याने तो हात वापरणं सोडून दिलं, हात हलवता येत असूनही. मग त्याचा चांगला हात बांधला, तेव्हा दुबळा हात पुन्हा कामाला लागला. शरीराच्या एकाच बाजूला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत हेच घडत असतं. एक हात चपळ आहे, मग दुसऱ्याची आठवणच होत नाही. न वापरल्यामुळे मेंदूतली त्याची जागा आकसत जाते. म्हणून दिवसातले काही तास, काही आठवडे, चांगल्या हाताला मोजा किंवा हातमोजा घालतात आणि दुबळ्या हाताला खेळ देतात: वाटाणे वाटीत टाक, कणकेचा गोळा दाब, बादलीतून चेंडू काढ. जोडीने दोन्ही हातांची कामंही हवीत. डब्याचं झाकण, केळ्याचं साल, चड्डी वर ओढणं ही सगळी दोन हातांची कामं.

इथे आपल्याकडे एक खास अडचण येते. उजवी बाजू दुबळी असेल तर मूल साहजिकच डाव्या हाताने जेवतं आणि पंगतीत कुणीतरी त्याचा हात धरतं. उजव्या हाताचा सराव खेळात जरूर करावा. पण भुकेल्या मुलाला ताटाशी अडवण्याने थेरपी होत नाही. त्याला जेवणाचीच भीती बसते.

स्वमग्न आणि अतिचंचल मुलांच्या केंद्रांत दिसणारे झोके, ब्रश, तांदळाचे टब यांचा उगम जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या कामात आहे. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकाने सेन्सरी इंटिग्रेशन हा शब्द रूढ केला. स्पर्श, तोल आणि सांध्या-स्नायूंमधून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर मूल अस्वस्थ होतं, ही त्यांची मांडणी. तिच्यामुळे ‘हट्टी’ ठरलेल्या कित्येक मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं. मात्र पुरावा अजून मर्यादित आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. झोका वाईट नाही. झोक्याने नेमकं काय साधायचं आहे, हे पालकांना विचारता आलं पाहिजे आणि तीन महिन्यांनी ते साधलं की नाही, हे थेरपिस्टला सांगता आलं पाहिजे.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो वेळेने. पहिली दोन-तीन वर्षं मेंदूची जोडणी झपाट्याने होत असते आणि आपल्याकडे नेमकी तीच वर्षं थांबण्यात जातात. ‘अगं, याचा बाप तीन वर्षांनी बोलला.’ आजीचं हे वाक्य प्रेमाचं असतं; ते आईची रात्रीची झोप परत देतं. त्यात थोडं तथ्यही आहे, कारण सगळी मुलं एकाच महिन्यात सगळं करत नाहीत. पण उशिरालाही सीमा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांची वाढ मोजली होती. आधाराशिवाय बसणं शंभरातल्या नव्याण्णव मुलांना ९.२ महिन्यांपर्यंत जमलं, स्वतंत्र चालणं १७.६ महिन्यांपर्यंत. रांगणं मात्र काही निरोगी मुलांनी केलंच नाही, ती थेट उभी राहिली. म्हणजे न रांगलेल्या मुलाची फार चिंता नको. दीड वर्ष उलटूनही न चाललेल्या मुलाला दाखवायलाच हवं. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजायचं: दोन महिने आधी आलेलं मूल सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या मुलाएवढीच अपेक्षा ठेवायची. आणि बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानांची. टाळीला वळून बघतं म्हणजे ऐकू येतं, असं समजून बसलेल्या घरांत मोलाची वर्षं गेली आहेत.

आता तर त्याहूनही लवकर सांगता येतं. हाइन्झ प्रेख्टल या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तान्ह्या बाळांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली न्याहाळल्या. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळ उताणं पडलेलं असताना त्याच्या मनगटांत, घोट्यांत, मानेत बारीक, सतत, नाजूक हालचाली चालू असतात. त्या दिसल्या नाहीत तर पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याची शक्यता फार मोठी. तपासणीला यंत्र लागत नाही. जाग्या, शांत बाळाचा काही मिनिटांचा व्हिडिओ आणि तो वाचायला शिकलेली नजर लागते. त्याला एमआरआय आणि मज्जातपासणीची जोड दिली की सहा महिन्यांच्या आतही निदान होऊ शकतं, असं २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मांडलं.

नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या बाळांचं पुढे काय होतं, या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयाने फार चिकाटीने केला. १९८७ ते १९८९ या काळात तिथून घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत ठेवला. घरं बदलली, पत्ते बदलले, तरी मुलं पुन्हा पुन्हा तपासायला बोलावली. बहुतेकांची बुद्धी सामान्य मर्यादेत निघाली, पण तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरीने कमी. वेळेआधी जन्मलेली आणि त्यातही अपेक्षेपेक्षा लहान भरलेली मुलं सगळ्यात मागे राहिली. वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाला शाळेत गणित आणि लिखाण जड जातं, त्याचं मूळ पहिल्या आठवड्यांत असू शकतं, हे या अभ्यासाने मराठी मुलांच्या उदाहरणाने दाखवलं.

देशपातळीवर अशा मुलांना शोधून काढण्याची योजना महाराष्ट्रातच सुरू झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तीस प्रकारच्या अडचणी शोधतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब असे त्यांचे चार गट. संशय आलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एकाच जागी असावेत अशी रचना आहे. कागदावरची ही रचना उत्तम आहे. मोखाड्याच्या किंवा धडगावच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून दोनदा यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची, धाकट्याला कुणाकडे तरी सोडायचं आणि मोठं झालेलं, चालता न येणारं मूल उचलून गाडीत चढायचं. चार-सहा खेपांनंतर आई येईनाशी होते आणि तिच्या कागदावर ‘पालक अनियमित’ असा शेरा पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

मुलं तरी किती? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासासाठी पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. हरियाणातलं पलवल, हिमाचलातलं कांगडा, ओडिशातलं ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. दृष्टी, श्रवण, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, भाषा आणि मोठ्या मुलांत अतिचंचलता व शिकण्यातल्या अडचणी यांपैकी किमान एक तरी अडचण जवळजवळ दर आठ मुलांमागे एकात आढळली. एवढ्या मुलांना पुरतील इतके थेरपिस्ट लवकर तयार होणार नाहीत. मग त्यांची विद्या घरापर्यंत कशी न्यायची?

याचं एक उत्तर गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकाच वेळी शोधलं गेलं. तिथल्या ६५ स्वमग्न मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मूळ पद्धत ब्रिटनची, तिथे ती तज्ज्ञ राबवत. इथे तेच काम तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांकडे दिलं. दर पंधरवड्याला ते घरी जात, अशा बारा बैठका. आई मुलाशी खेळत असताना काही मिनिटांचं चित्रण करायचं आणि मग तिच्यासोबत बसून ते पाहायचं. मूल गाडीचं चाक फिरवतंय. आई म्हणतेय, ‘गाडी दे. रंग कोणता सांग. इकडे बघ.’ पडद्यावर तिचं तिलाच दिसतं, की मूल ज्यात रमलं होतं त्यातून आपण त्याला बाहेर ओढलं. पुढच्या वेळी ती शेजारी बसते, चाकाकडे बघते, ‘गरगर’ म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात मुलाला जागा मिळते. चाचणीत आयांचं मुलाच्या लयीत बोलणं वाढलं आणि मुलं आपणहून आईशी संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचं प्रमाण उलट कमी झालं. तरीही सहा महिन्यांत, घरात बसून, आईच्या हातात काहीतरी आलं.

शहरात दुसरी अडचण असते. तिथे थेरपी मिळते, पण सेशनमागे पैसे मोजावे लागतात आणि महिन्याचा आकडा घरभाड्याच्या जवळ जातो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात थेरपीही धरतात. अनेक पालकांना तिचं नावही माहीत नसतं. उलट स्टेम सेलच्या जाहिराती मात्र त्यांच्या मोबाइलवर न चुकता पोहोचतात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांपलीकडे स्टेम सेलचा वापर संशोधनाच्या चौकटीबाहेर करता येत नाही. स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी त्यावर जमीन विकून लाखो रुपये घालवणाऱ्या आई-बापांना दोष देता येत नाही. त्यांना वेळेवर साध्या शब्दांत सांगणारं कुणी भेटलेलं नसतं.

चांगला थेरपिस्ट ओळखायचा कसा, असं पालक एकमेकांना विचारतात. एक खूण अशी, की तो पहिल्या भेटीत मुलाच्या हाता-पायांइतकाच घराचा तपास करतो. जेवता कुठे, खाली की टेबलावर? संडास कसला आहे? उकिडवं बसता येतं का? दुपारी मुलाजवळ कोण असतं? भावंडं काय खेळतात? मग तो आईला विचारतो, पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय जमलेलं पाहायचंय? ‘चालायला हवा’ हे उत्तर तो ऐकून घेतो, टाळत नाही. आणि त्या ध्येयाजवळ नेणारं एखादं छोटं काम आईसोबत निवडतो. कॅनडातले डॉ. पीटर रोझेनबाम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या चालण्या-बसण्याच्या क्षमतेचे पाच स्तर ठरवून दिले. त्यांमुळे पुढे काय शक्य आहे याचा प्रामाणिक अंदाज देता येतो. पाचव्या स्तरातल्या मुलाच्या आईला ‘चालेल’ असं खोटं सांगण्यापेक्षा योग्य खुर्ची, नियमित खुब्याचा एक्स-रे आणि खुणेने होय-नाही सांगण्याची सोय यांनी त्या मुलाचा दिवस जास्त बदलतो.

समजा, आईने निवडलेलं काम हेच आहे: रात्रीचे पहिले पाच घास मुलाने स्वतः खायचे. पाचच, कारण त्यानंतर मूल थकतं आणि उरलेलं भरवायचं असतं. पाट भिंतीला टेकवून ठेवायचा, कमरेशी दोन्ही बाजूंना गुंडाळलेली गोधडी, ताटाखाली ओलं फडकं. भात गुरगुट्या, वरण कमी, म्हणजे गोळा सुटत नाही. सुरुवातीला आई मागे बसते आणि त्याच्या कोपराखाली आपला हात ठेवते. तोंडाजवळचं शेवटचं वीतभर अंतर आधी त्याचं, बाकीचं तिचं. ते जमलं की अर्धं अंतर त्याचं. आठवड्याने हात कोपरावरून मनगटावर, मग नुसता जवळ. आजोबा समोर आपलं ताट घेऊन बसतात, कारण एकट्याने जेवायला कुणालाच आवडत नाही. सांडलेलं जेवण संपल्यावर पुसायचं, मध्ये नाही. वहीत रोज एकच आकडा लिहायचा: किती घास तोंडापर्यंत गेले. सोमवारी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी ताप म्हणून शून्य, गुरुवारी तीन.